पलीकडची कुऱ्हाड

ही रचलेली गोष्ट नाही. लटारू आणि नीलाबाई या नवराबायकोवर गुदरलेली आहे. साल १९५६, चैत्राचे शेवटचे दिवस. एटापल्लीच्या पुढे, डोंगरउतारावरच्या एका रिठी गावात.

देवीच्या साथीत ते गाव उठलं, पुन्हा बसलंच नाही. वीस वर्षांत वावरात, कुरणात बोरी-पळसाचं रान माजलं. आत शिरलेला माणूस चार पावलांवर दिसेनासा व्हायचा.

लटारूला स्वतःचं वावर नव्हतं. पावसाआधी साफ करील तेवढं त्याचं, असं पाटलाशी ठरलं होतं. तो तोडायचा, नीलाबाई काटे ओढून ढीग लावायची.

तेराव्या दिवशी, भर दुपारी, ती थांबली.

"ऐकू येऊन राह्यलं का?"

खट्... खट्...

झुडपांपलीकडून.

"बुधू असंल," लटारू म्हणाला. खालच्या पाड्यावरचा बुधू मोहफुलं वेचायला वर यायचा. त्याने हाक मारली, "बुधूभाऊऽ!"

आवाज थांबला.

पाखरूसुद्धा ओरडेना...

मग पुन्हा. खट्... खट्...

संध्याकाळी वाटेत बुधू भेटला. तो दिवसभर नदीवर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमाले कोणी आवाज देल्ला का?"

"नाई."

"देल्ला तर ओ देऊ नका."

एवढंच बोलला. का ते सांगितलं नाही.

आवाज रोज जवळ येत गेला.

"सोडून जाऊ," नीलाबाई म्हणाली.

"पानी तोंडावर आला. दुसरं वावर कोण देईन आपल्याले?"

शेवटी मधे झुडपांचा एक पट्टा उरला. नीलाबाई वाकून काटे ओढत होती. घामाने डोळे मिटलेले.

पलीकडून बाईचा आवाज आला. साधा, दमलेला.

"किती राह्यलं, बाई?"

नीलाबाईच्या तोंडून निघून गेलं,

"हातभर राह्यलं."

लटारूची कुऱ्हाड वरच थांबली.

पलीकडचीही थांबली...

आणि तिकडे कोणीतरी सुस्कारा सोडला. काम आटपत आल्यावर माणूस सोडतो तसा.

लटारूने बायकोचा दंड धरला आणि उतारावरून पळत सुटला.

सकाळी तो बुधूला घेऊन आला. दोघं वळसा घालून पलीकडे गेले.

सगळं साफ होतं. बुंधे जमिनीलगत तोडलेले. काट्यांचे ढीग नीट रचलेले.

पायाचा ठसा एकही नव्हता.

मधला पट्टा त्यांनी तसाच ठेवला. अलीकडे कुटकी पेरली.

पाऊस पडला, कुटकी उगवली.

पलीकडेही उगवली... सरळ ओळींत.

तिकडे कोणी गेलं नाही. लटारू मात्र पुढं कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगायचा, आणि सांगताना आवाज खाली आणायचा. दुपारी भाकर खायला बांधावर बसलं, की नीलाबाईचा घास हातातच राहायचा. ती मान हलवायची... हळूहळू... कोणी आपली सुखदुःखं सांगावी आणि आपण ऐकावं तशी.

"कोणाशी बोलून राह्यली वो?" तो विचारायचा.

ती त्याच्याकडे नवलानं बघायची.

"मी कुठी बोलून राह्यली? तीच बोलून राह्यली."