चार मिनिटांची आणीबाणी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली, तेव्हा वकिलांच्या कचेरीतली टायपिस्ट आत एकटीच होती. हातात फोन, फोनवर कायद्याचा मसुदा, आणि मतदानाला जेमतेम अर्धा तास. तिनं घंटा दाबली, मग दारच बडवलं.

“श्वास घ्या बाई,” बाहेरून आवाज आला. “काही राज्य बुडत नाही.”

तिचा हात दारावरच राहिला. हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं… पण वाचलं होतं, शंभरदा!

फोनवरच्या एका खेळात तिचा एक देश होता. तीनशे अकरा खेळाडू, त्यांनीच निवडलेलं सरकार, त्यांचेच कायदे. कायदे ती लिहायची, म्हणून सगळे तिला कलमबाई म्हणत. आणि कोणी चालून आलं, की हेच वाक्य लिहून सगळ्यांना धीर द्यायचा तो सेनापती. दोन वर्षं दोघं रोज भांडत होती. पूर्वी माणसं पत्रांतून जीव लावायची. यांनी कलमांतून लावला, इतकंच. चेहरा मात्र कोणी कोणाचा पाहिला नव्हता.

मागच्या मंगळवारी सेनापतीनं अचानक आणीबाणी पुकारली. सीमेवर चिटपाखरू नाही, आणि सगळ्यांच्या फोनवर भोंगा! आणीबाणीत मतदान थांबतं, प्रत्येकाला हजेरी लावावी लागते. चार मिनिटांत त्यानं ती उठवलीसुद्धा. कारण विचारलं, तर तोंडात मिठाची गुळणी. सभा खवळली. आणीबाणी म्हणजे काय ते एकदाचं लिहून टाका, असं कलमबाईला सांगितलं गेलं. तिच्या व्याख्येत मंगळवार बसला नाही, तर सेनापती हद्दपार.

दार हातभर उघडलं. फटीतून आधी पाना दिसला, मग कपाळावर ग्रीसचा पट्टा असलेला एक चेहरा.

“सेनापती?”

पाना खाली पडला. “क… कलमबाई?”

“व्वा! तिकडे देशाची झोप उडवून इथं लिफ्ट दुरुस्त करताय होय?”

“तुम्ही बोलतासुद्धा कलमं वाचल्यासारखं,” तो हसला, पण कान लाल झाले होते. “हात द्या. पायरी उंच आहे.”

तिनं हात दिला. बाहेर आल्यावर तो सोडायचा राहून गेला… मग दोघांनी एकदमच सोडला.

“मंगळवारी काय झालं होतं?”

“व्याख्या पुरी झाली का?”

“आधी उत्तर.”

तो फडक्यानं बोटं पुसू लागला. स्वच्छ झाली, तरी पुसतच राहिला. “सहा दिवस तुम्ही आला नव्हता. निरोपाला उत्तर नाही. म्हटलं, हजेरीत तरी नाव दिसेल… दिसलं. उठवली.”

आईच्या ऑपरेशनचे ते सहा दिवस. इस्पितळाच्या बाकावर भोंगा वाजला, आणि तिनं वैतागून हजेरी लावली होती. चार मिनिटं… एवढा मसुदा लिहिला, पण ती चार मिनिटं कोणासाठी होती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“एकीसाठी एवढ्या जणांची पळापळ?” तिनं दटावलं, पण आवाजानं दगा दिला.

“आमच्या कामात आतलं माणूस ठीक आहे का, ते आधी विचारतात. बिघाड मागाहून.”

“सभेत हे सांगितलं असतंत, तर सोडलं असतं त्यांनी.”

“तुमचं नाव चव्हाट्यावर आणून? नको.” त्यानं फडकं खिशात कोंबलं. “आणि माझ्यासाठी कलम वाकवू नका हं… तुम्हाला शोभणार नाही.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली. शेवटची ओळ लिहिली आणि फोन त्याच्यापुढे धरला — ‘एका माणसाची काळजी ही राष्ट्रीय आणीबाणी नव्हे.’

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. “चोख आहे.”

चार वाजता मतदान सुरू झालं. कलमाच्या बाजूनं पहिलं मत सेनापतीनंच दिलं. थोड्याच वेळात कलम मंजूर झालं, आणि सेनापती हद्दपार.

“चला, भोंगा वाजवायचा हक्क गेला,” तो पाना उचलत म्हणाला. “आता तुम्ही पुन्हा दिसला नाहीत, तर मी काय करायचं?”

“राष्ट्रीय नव्हे, एवढंच लिहिलंय मी…” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग त्याची दुरुस्तीची वही ओढून घेतली आणि ‘तक्रार’ या रकान्यात आपला नंबर लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच कागद टाइप करत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

“हजेरी घ्यायची होती,” तिकडून कोणीतरी चाचरत म्हणालं.

तिची बोटं थांबली.

“हजर,” ती म्हणाली.