रेशीमगडाच्या आधी

ही गोष्ट २०२३ सालची. तेव्हा मी पंच्याहत्तरीला टेकले होते. पण स्मरणशक्ती पक्की होती, आजही आहे. नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरात मी आणि सून उत्तरा, दोघीच राहत होतो. मी विणकराची एकुलती मुलगी. माझ्या जन्माच्या वेळीच माय गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही.

तरुणपणी मी 'रेशीमगड' ही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लिहिली होती. गडाची राणी मागावर माणसांची नशिबं विणते, एकटीच. एकेकाळी मुलं त्या पुस्तकांवर तुटून पडत. मग विसरली.

एका सकाळी मनीषनगरचा तरुण प्रकाशक वैभव आला.

"आजी, गोदाम खाली करून राहिलो. तुमची पुस्तकं रद्दीत जातीन. एक छोटी पूर्वकथा लिवा न. राणी एकटी काहून, ते लोकायले सांगा. मंग जुनं सारं उचलतीन."

"बुढी झाली मी, गा."

"राणीबी बुढीच हाये न!"

रद्दीचं नाव काढलं, म्हणून लिहायला बसले. राणीला धाकटी बहीण दिली, मैना. तिच्या डाव्या भुवईवर मागावरून उडालेला लाकडी धोटा लागल्याची खूण. गडाचं दार बंद झालं तेव्हा ती बाहेर राहिली. बाबा नवं सूत मागावरच्या जुन्या टोकांना गाठत आणि म्हणत, "गाठ बसली का ताण दोन्हीकडं जाते." लिहिताना तेच आठवत होतं.

वैभवचं खरं ठरलं. पूर्वकथा निघाली आणि जुने भाग हातोहात गेले. वाचकांच्या भेटीत प्रणाली नावाची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजी, तिसऱ्या भागात मैना दार वाजवते न, तिथं मी लय रडली."

"तिसऱ्या भागात मैना नाही."

"असं कसं? कालच वाचलं मी!"

घरी येऊन माझी जुनी प्रत काढली. पिवळी पानं, कसर लागलेली. मैना होती. दार वाजवत होती. कसरीचं भोक तिच्या नावातून आरपार गेलं होतं.

शेवटच्या भागात राणीनं कडी काढली होती.

भर दुपारी आमचं दार वाजलं. उत्तरानं उघडलं.

"मावशी, एवढ्या उन्हाच्या काहून आल्या?"

पायरीवर एक म्हातारी. डाव्या भुवईवर खूण.

"ताई, लय उशीर केला वं," ती म्हणाली.

भिंतीवरच्या फोटोत बाबांच्या शेजारी दोन मुली उभ्या होत्या.

वैभवनं साऱ्या मालिकेची नवी आवृत्ती काढली आणि शहराच्या कडेला बेस्याला घर घेतलं. प्रणाली त्याच्याकडेच संपादन करते. मैना आमच्या मागच्या खोलीत राहते, माझ्यासारखीच चहाबाज. मी एकुलती होते, हे मी आजही ठामपणे सांगते. उत्तरा हसते.

मागच्या आठवड्यात मैना म्हणाली, "ताई, आता त्याच्याबी आधीचं लिव न. माय बाहेरच उभी हाये."

मी नाही म्हटलं. एक ओळही लिहिली नाही.

परवापासून उत्तरा चहाचे चार कप मांडते.