शनिवारचे निकाल

केदारच्या संगणकात आवाज तुटण्याला कोडमधला जो बदल जबाबदार ठरला, तो बदल त्या संगणकावर एकदाही चालला नव्हता. तो फक्त बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी लिहिलेला होता. केदारचा संगणक म्हणजे टेबलाखाली ठेवायचा, भिंतीतल्या प्लगवर चालणारा डबा होता.

हा डबा ऋजुताने प्रथम पाहिला तो सोलापुरी चादरीत गुंडाळलेला. कल्याणच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात तिच्या कंपनीने मदत-मेळावा भरवला होता. कोलशेतची ही छोटी कंपनी जुन्या संगणकांसाठी एक मोफत प्रणाली तयार करीत असे आणि ऋजुता त्या प्रणालीतला शेड्युलर सांभाळत असे, म्हणजे एकाच वेळी धावू पाहणाऱ्या शेकडो कामांपैकी कोणाला आधी पाळी द्यायची हे ठरवणारा भाग. मदतीच्या टेबलावर बसणे हे तिचे काम नव्हते. तिथला सहकारी जेवायला गेला होता आणि रिकामी खुर्ची पाहून ती टेकली होती, इतकेच.

"हा बोलताना अडखळतो," चादरीची गाठ सोडत एक तरुण म्हणाला.

"कोण?"

"हा." त्याने डब्यावर हात ठेवला. "माणसं नीट बोलतात. हा मधेच त्यांचा एखादा शब्द खातो."

त्याच्या बाहीवर रिक्षाच्या दांडीचा काळा डाग पडला होता आणि तो त्याला माहीत नव्हता. तो डोंबिवलीत राहून ध्वनिपुस्तके तयार करीत असे. वाचणाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा, त्यातले खोकले-उसासे काढायचे आणि स्वच्छ करून पाठवायचा, हा त्याचा धंदा.

"कधी अडखळतो?"

"मागे दुसरं काम चालू असलं आणि मी स्क्रीनवरची खिडकी जराशी सरकवली, की."

"आणि काहीच सरकवलं नाही तर?"

"तर शहाण्यासारखा वागतो. पण मी हाताची घडी घालून किती वेळ बसणार?"

ऋजुताने वही न काढता, बोटानेच टेबलावर रांग काढून दाखवली. "आवाजाला वेळ फार लागत नाही. थोडाच लागतो, पण ठरल्या क्षणी लागतो. पाळी यायला उशीर झाला की तो तुटतो."

"माझंही तसंच आहे," तो म्हणाला. "थोडंच द्या. पण वेळेवर द्या."

तिने मान वर केली. "हे सगळ्या मदत-टेबलांवर म्हणता, की..."

"नाही हो. आत्ताच सुचलं." मग जरा थांबून— "वाईट होतं का?"

"तपासावं लागेल," ऋजुता म्हणाली. तिच्या बाबतीत हे हसण्याच्या फार जवळचे होते.

दोष शोधण्याची तिची पद्धत सोपी आणि निर्दय होती. प्रणालीची दिवाळीतली आवृत्ती चांगली होती, होळीतली बिघडलेली होती, आणि मध्ये शेकडो लहान-मोठे बदल होते. मधोमध एक आवृत्ती घ्यायची आणि ती चालवून पाहायची. ती चांगली निघाली तर दोष नंतरच्या निम्म्यात, वाईट निघाली तर आधीच्या निम्म्यात. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. असे करत गेले की शेवटी एकच बदल हाताला लागतो, आणि त्याला काही सबब सांगता येत नाही.

अडचण होती ती मोजण्याची. मोजणारे साधन सुरू केले की त्याच्या खटपटीने प्रोसेसर जागा राही आणि आवाज तुटेनासा होई. साधन बंद केले की पुन्हा तुटे. ऋजुताला स्वतःला ते तुटणे ऐकू येत नसे, केदारला येई. तेव्हा त्या साऱ्या व्यवहारात मोजपट्टी एकच उरली, आणि ती म्हणजे केदारचे कान.

शनिवारी ती ठाण्याहून डोंबिवलीला जाऊ लागली. केदारची खोली म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली, खिडकीला जाड पडदा लावलेली एक भट्टी होती. ऐकणे चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे. वैशाख लागला होता. मानेवरून ओघळणारा घाम पुसायला हात उचलायचा तरी कापडाचा आवाज येईल, म्हणून दोघेही पुतळ्यासारखे बसत.

"अगं, पंखा तरी लावा," केदारची आई, मंदाकिनीबाई, दाराआडून म्हणत.

"काकू, आवाज येतो."

"मग उकडून घ्या दोघं. कैरीचं पन्हं ठेवलंय बाहेर, तुमचं ऐकून झालं की या." आणि जाता जाता, मुद्दाम ऐकू जाईल अशा बेताने— "आमच्या वेळी मुलगी पाहायला एकदाच जायचे."

केदार कानांवरचा हेडफोन नीट करण्यात गुंतून जाई. ऋजुता पडद्याकडे पाही.

कोणती आवृत्ती चालू आहे, हे ती त्याला कधीच सांगत नसे. ऐकणाऱ्याला माहीत असले तर तो आपल्याला हवे ते ऐकतो, हा तिचा सिद्धान्त होता. त्याने डोळे मिटून ऐकायचे आणि एकच शब्द सांगायचा. चांगलं किंवा वाईट.

"दोनच शब्द?" त्याने पहिल्या दिवशी विचारले होते. "मला तिसरा सुचत असला तर?"

"तो आत्ता नको. निकालात गोंधळ होतो."

"मग कधी?"

"निकाल लागल्यावर."

एकदा त्याने हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली. "ऐक, इथे... 'समुद्र' म्हणताना." दोघांची डोकी जवळ आली. तिला समुद्र नीट ऐकू आला; त्यात कुठे तडा जाणवला नाही. केदारचा श्वास मात्र जाणवला, आणि तो नियमित नव्हता हेही तिच्या ध्यानात आले. निरीक्षण एकदाच झालेले असल्याने तिने त्यावरून निष्कर्ष काढला नाही.

पहिले काही शनिवार तो नुसते "वाईट" म्हणत राहिला. मग एका शनिवारी त्याने नेहमीपेक्षा बराच वेळ ऐकले. पुन्हा मागे नेऊन ऐकले. हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाला गुंडाळत बसला.

"काय?" ऋजुताने विचारले.

"...वाईट."

"इतका वेळ का लागला?"

"दमलोय जरा."

ती उठली आणि तिने पंखा लावला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो पहिल्यांदा "चांगलं" म्हणाला. ऋजुताने इतके दिवस या शब्दाची वाट पाहिली होती. तिने त्याचा हात हातात घेतला, आणि घेतल्यावर परत द्यायचे तिला सुचले नाही. "आता सापडणार," ती म्हणाली. "आता आपण त्याला दोन्हीकडून घेरलंय. अजून थोडेच शनिवार."

"म्हणजे... संपलं नाही?"

"इतक्यात कुठे?"

त्याचा हात एकाएकी गार पडला. उन्हाळ्यात हे तिला फार बरे वाटले.

त्यानंतर प्रत्येक निकाल "चांगलं" असाच आला, आणि शेवटी एकच बदल उरला. तो साईनाथने लिहिलेला होता. साईनाथ खडवलीचा, कंपनीत नवा, अजून कायम न झालेला मुलगा. त्याने ऋजुतासमोर लॅपटॉप उघडून धरला.

"मॅडम, माझा कोड त्या मशीनवर चालतच नाही. बॅटरी नसली तर पहिल्याच ओळीत बाहेर पडतो. बघा ना."

"बघितलं. वाचून तसंच वाटतं."

"मग?"

"वाचून काय वाटतं आणि तपासून काय निघतं, यात मी तपासणं धरते. एका बदलाचा परिणाम कधीकधी भलतीकडे होतो, साईनाथ."

"पण तपासलं कोणी?"

"ज्याला ऐकू येतं, त्याने."

"मी काय बोलणार मग," साईनाथ म्हणाला आणि लॅपटॉप मिटून गेला. त्याचा बदल काढून टाकण्यात आला. त्या बदलापुढे, सगळ्या जगाला वाचता येईल असे, कारणही लिहिले गेले: या बदलामुळे आवाज तुटतो. ते ऋजुताने लिहिले. महिनाअखेर साईनाथला कायम केले नाही. तसे करताना त्या ओळीचा उल्लेख कोणी केला नाही. करण्याची गरज नव्हती.

सुधारलेली आवृत्ती केदारच्या संगणकावर चढवून तिने विचारले, "आता?"

"फरक वाटतोय," तो म्हणाला. दोन शब्दांच्या नियमात हे बसत नव्हते. पण निकाल लागून गेला होता, आणि ती प्रेमात होती.

त्याच संध्याकाळी कोलशेतला, खाडीच्या कडेने चालताना, त्याने तिसरा शब्द विचारला.

"लग्न?"

"हा शब्द झाला. प्रश्न कुठे आहे?"

"करशील का, हा. आता छळू नकोस गं."

"ही आवृत्ती लोकांच्या हातात जाऊ दे. उत्तर तयार आहे," ऋजुता म्हणाली, "फक्त त्याची पाळी यायचीय."

तो हसला, पण तिच्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहून.

आवृत्ती लोकांच्या हातात गेली, आणि तक्रारी येऊ लागल्या. साताऱ्याहून एका संगीतशिक्षिकेने कळवले की आवाज पूर्वीइतकाच तुटतो. नाशिकहून तेच. शिवाय लॅपटॉपवाले म्हणू लागले की बॅटरी लवकर उतरते. ती उतरू नये म्हणूनच साईनाथने आपला बदल लिहिला होता.

ऋजुता स्वतःला संशयी समजत असे. तिने सगळ्यावर संशय घेतला होता. मोजणाऱ्या साधनावर, प्रोसेसरवर, साईनाथवर, स्वतःच्या कानांवर. एका गोष्टीवर घेतला नव्हता. त्या आठवड्यात, शनिवारची वाट न पाहता, भर दुपारी ती डोंबिवलीला गेली.

"आज कशी काय?" केदारचा चेहरा उजळला. "उत्तराची पाळी आली वाटतं."

"आधी हे ऐक."

"नवीन आहे?"

"सांगत नाही. नियम माहीत आहे ना."

त्याने पंखा बंद केला, हेडफोन चढवला, डोळे मिटले. तिने मागे दुसरे काम सुरू केले आणि स्क्रीनवरची खिडकी हळूहळू इकडून तिकडे सरकवत राहिली.

"चांगलं," तो म्हणाला.

"खात्री?"

"शंभर टक्के. स्वच्छ आहे एकदम. जमलं तुला, ऋजुता."

"ही साईनाथची आवृत्ती आहे. याच खोलीत, याच खुर्चीत बसून तू हिला वाईट म्हणाला होतास."

केदारने डोळे उघडले नाहीत. हेडफोन मात्र हळूच काढला.

"चुकलं असेल तर सांग," ती म्हणाली. "कान चुकतात. मी तसं लिहीन, आणि तसं असलेलं मला आवडेल."

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला. तेवढ्यात त्याला एक सोपे वाक्य सापडले असणार, कारण तिनेच ते त्याच्या हातात दिले होते. ते त्याने वापरले नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हाही स्वच्छच ऐकू आलं होतं."

"मग?"

"तू एकदा जिन्यात म्हणाली होतीस... एकदा चांगलं ऐकू आलं की सुटलो बाबा. मला वाटलं, चांगलं म्हटलं की तू यायची बंद होणार. तोवर तुला सांगायचं राहिलंच होतं सगळं. म्हटलं, अजून थोडे शनिवार..."

"आणि पुढच्या शनिवारी चांगलं म्हणालास, तरी काम संपलं नाही. हे तुला तेव्हाच कळलं."

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तू माझा हात धरला होतास."

बाहेर मंदाकिनीबाई कोणाला तरी फोनवर सांगत होत्या की मुलगी हुशार आहे, जरा कमी बोलते, पण आमच्या केदारला तशीच हवी होती.

"एका शब्दासाठी, ऋजुता..." केदार म्हणाला.

"साईनाथ त्या एका शब्दानेच गेला. आणि त्याला घालवताना खाली सही माझी होती."

"मी त्याला भेटतो. माफी मागतो. तू म्हणशील ते करतो."

"भेट. पण माझ्या म्हणण्यावरून नको."

"आणि... उत्तर?"

"हो होतं," ती म्हणाली. "खाडीवरच होतं. तेव्हाच द्यायला हवं होतं."

तिने पंखा लावून दिला आणि ती निघाली. दारात मंदाकिनीबाईंनी पन्ह्याचा पेला पुढे केला. तो तिने उभ्यानेच संपवला, कारण नको म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते.

तिने खडवलीला फोन केला. साईनाथने सगळे ऐकून घेतले. त्याला भिवंडीत दुसरे काम मिळाले होते. "मी बोललेलो ना तेव्हाच," एवढेच तो म्हणाला. मग— "परत लावताना नीट कारण लिहा, मॅडम. लोक वाचतात."

केदारने आपला संगणक रिक्षाने आणून कोलशेतच्या फाटकावर ठेवला आणि तो वर न येता परत गेला. गाणे शिकलेल्या नीरजा नावाच्या सहकारिणीला आणि आणखी एकाला, एकमेकांना न सांगता ऐकायला बसवून ऋजुताने राहिलेला शोध पुन्हा घेतला. प्रत्येक निकाल तिने दोनदा तपासला. खरा दोष निघाला तो असा: थांबलेले काम पुन्हा जागे झाले की ते प्रोसेसरच्या ज्या भागात पूर्वी चालले होते तिथेच परत पाठवले जाई, आणि शेजारची जागा मोकळी असली तरी ते जुन्याच जागी रांगेत थांबे. तो बदल ऋजुताचाच होता. तिने तो दुरुस्त केला. आवाज तुटायचा थांबला.

त्यानंतर तिने साईनाथचा बदल परत लावला आणि त्यापुढे कारण लिहिले:

"हा बदल निर्दोष होता. तो चुकून काढला गेला. ही आवृत्ती तपासताना आवाज स्वच्छ होता. ऐकणाऱ्याने तो तुटका असल्याचे सांगितले. त्यानंतर तपासलेल्या सगळ्या आवृत्त्या या बदलाच्या आधीच्या आणि चांगल्याच असल्याने दोष अखेर इथेच येऊन थांबला. स्वच्छ आवाज मिळाला की तपास संपेल, असा ऐकणाऱ्याचा समज होता, आणि तो संपू नये अशी त्याची इच्छा होती. हा समज माझ्या एका बोलण्यावरून झाला. प्रत्यक्षात दर वेळी उरलेल्यांपैकी निम्मे बदल बाद होतात, उत्तर कोणतेही असो. त्याने खरे सांगितले असते, तरी पुढच्या चाचण्या तितक्याच झाल्या असत्या."