भरल्याशिवाय न हलणारा पिंट्या

शमा मुजावरच्या पत्राला आठल्ये आजोबांनी उत्तर दिले नव्हते. पत्र महिनाभर त्यांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली पडून होते. रोज रात्री चष्मा काढताना ते दिसे आणि आजोबा घाईघाईने ते पुन्हा झाकून टाकत.

पत्र आले होते ते त्यांच्याच बोलण्यामुळे. आजोबांचा जन्म पंपांच्या कारखान्यात गेला होता. चार माणसांत बोलायचे म्हटले की ते अडखळत. तरी एकदा ते डोंगरावरच्या खोपडेवाडीच्या शाळेत यंत्रांविषयी सांगायला गेले होते, आणि शेवटी बाईंनी आग्रह केला म्हणून म्हणाले होते, "काही विचारायचं असेल तर पत्र लिहा." वाडीचे टपाल आता रज्जुमार्गाने (दोरावरून डोंगर चढणाऱ्या डब्यांतून) येत-जात असे. हाताने पत्र लिहिणारी माणसे फार थोडी उरली होती. कोणी लिहिणार नाही, अशी आजोबांची खात्री होती. पण एकीने लिहिलेच.

"आठल्ये आजोबा, मी दर गुरुवारी खाली रुग्णालयात येते. तिथे रक्त तपासायचं नवीन यंत्र आलंय. ते जुन्याच्या दुप्पट वेगाने काम करतं असं सगळे म्हणतात. मग माझा रिपोर्ट आधीपेक्षा उशिरा का येतो?"

आजोबांनी कितीतरी कागद वाया घालवले. प्रत्येकावर "प्रिय शमा, बहुधा" एवढेच लिहिलेले असे. बहुधा काय? यंत्र बिघडले असेल? रुग्ण वाढले असतील? चुकीचे काहीतरी सांगितले तर ते त्या मुलीच्या डोक्यात कायमचे घर करून बसेल, या भीतीने पेन तिथेच अडे.

आणि त्या गुरुवारी, स्वतःची साखर तपासायला रुग्णालयात गेले, तर समोरच्या बाकावर शमाच बसलेली.

तिने त्यांना लगेच ओळखले. "तुम्हाला माझं पत्र पोचलं नाही वाटतं."

सुटायला वाट आयतीच मिळाली होती. आजोबांनी छताकडे पाहिले, बुटांकडे पाहिले. "पोचलं," ते हळूच म्हणाले. "उत्तर येत नव्हतं मला."

"मग तेवढंच लिहायचं ना. मी उगाच पोस्टमनला पिडत होते."

शमाचे अब्बा, इब्राहिमभाई, खिडकीशी उभे राहून डोंगराकडे बघत होते. कड्यावर धुके उतरू लागले होते.

"आज काय तपासायचं आहे?" आजोबांनी विचारले.

शमाने सांगितले. तिच्या रक्तातल्या पेशी मध्येच कमी होतात. दर गुरुवारी आधी त्या मोजायच्या आणि रिपोर्ट ठीक आला तर मगच औषध द्यायचे. ते सलाइनसारखे थेंब थेंब चढते, त्याला तीन तास लागतात. शेवटचा डबा पाचला सुटतो, धुके दाटले तर त्याच्याही आधी. गेले दोन गुरुवार रिपोर्ट इतक्या उशिरा आला की औषध राहूनच गेले.

"आजही राहिलं तर?"

"तर सगळं पहिल्यापासून," इब्राहिमभाई मागे न वळता म्हणाले. "तेही मोठ्या शहरात. सहा महिने दवाखान्यातच राहायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय."

"माझी शाळा बुडणार," शमा म्हणाली. ती हे अगदी शांतपणे म्हणाली, पण तिचे पाय बाकाखाली सारखे हलत होते.

साडेदहा वाजले होते. तिचे रक्त नऊलाच घेतले होते. पहिल्या डब्याने आलेली ती सगळ्यांत पहिली.

आपण कोण रुग्णालयाच्या कारभारात नाक खुपसणारे? पण कारखान्यातली एक जुनी सवय त्यांना आठवली. कुठे उशीर होत असला की ते यंत्राकडे बघत बसत नसत. ज्या वस्तूला उशीर होतो, तिच्या मागोमाग चालत.

"शमा," ते म्हणाले, "तुझ्या रक्ताची नळी कुठे कुठे जाते ते बघू या का? ती चालली की आपण चालायचं, ती थांबली की आपण थांबायचं."

रक्त घेण्याची खोली चार पावलांवर होती. तिथेच त्यांना थांबावे लागले. टेबलावर चाळीस खाचांचा ट्रे होता. पहिल्याच खाचेत शमाची नळी उभी होती, आणि शेजारी हात जोडून पिंट्या उभा होता. पिंट्या म्हणजे रुग्णालयातला सामान वाहणारा यंत्रमानव. नळ्या, औषधे आणि टपालाची थैलीसुद्धा तोच नेई. हे नाव त्याला परिचारिकांनी ठेवले होते. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरे चमकत होती: "या महिन्यात अपुरी फेरी एकही नाही."

"निघत का नाहीस रे?" आजोबांनी विचारले.

"ट्रे अपुरा आहे, आजोबा. अजून अर्ध्या खाचा रिकाम्या आहेत. अर्धा ट्रे घेऊन जाणं म्हणजे बॅटरीची उधळपट्टी."

"आणि मी इथे बसलेय त्याचं काय?" शमा म्हणाली.

पिंट्याने मान वाकवून आपल्या पडद्याकडे पाहिले. "त्याची नोंद ठेवायला मला कोणी सांगितलेलं नाही."

आजोबा ट्रेकडे बघतच राहिले. "जुन्या यंत्राचा ट्रे केवढा होता?"

"दहा खाचांचा," पिंट्या म्हणाला.

आजोबा तिथल्याच स्टुलावर बसले. महिनाभर न सापडलेले उत्तर समोर टेबलावर उभे होते.

"शमा, तुझी अम्मी भजी करते ना?"

"करते. एक घाणा निघाला की आम्ही लगेच फस्त करतो."

"समज, अम्मीने परातीएवढी कढई आणली. शेगडीही दुप्पट मोठी आणली. आणि ठरवलं की कढई काठोकाठ भरेल इतकी भजी तयार झाल्याशिवाय शेगडी पेटवायचीच नाही. तर?"

"तर आम्ही पीठच खाऊ."

"तसंच झालंय इथे. यंत्र एका नळीला मिनिटभरसुद्धा घेत नाही. पण इथे साधारण चार मिनिटांनी एक नळी येते. दहांचा ट्रे पाऊण तासाच्या आत भरायचा. चाळिसांचा भरायला अडीच तासांहून जास्त लागतात. यंत्राने वाचवली मिनिटं आणि ट्रेने खाल्ले तास. घाणा (एका वेळी एकत्र केलेलं काम) जेवढा मोठा, तेवढी त्यातल्या पहिल्याला वाट बघावी लागते."

"आणि पहिली मी," शमा म्हणाली. "म्हणजे मी लवकर येते म्हणून मलाच जास्त थांबावं लागतं?"

"हो."

"हे बरोबर नाही."

"नाहीच. याला अपव्यय म्हणतात (ज्यातून कोणाच्याच उपयोगाचं काही निघत नाही असा वेळ किंवा श्रम). पिंट्याला फक्त रिकाम्या खाचेतला अपव्यय दिसतो. बाकावर बसलेला दिसत नाही."

सांगणे सोपे होते. पण हे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. ढाले यांना सांगायचे म्हणताच आजोबा दाराशीच थबकले. शमाने त्यांची बाही धरली नसती, तर ते बहुधा दारातूनच परतले असते.

"आठल्येकाका," त्यांचे अडखळत अडखळत बोलणे ऐकून डॉ. ढाले म्हणाल्या, "निवृत्त झालात तरी कारखाना सुटत नाही वाटतं. इथे पंप बनत नाहीत हो."

"नाही, बरोबर आहे तुमचं," आजोबा म्हणाले आणि वळले.

"आजोबा," शमाने बाही ओढली.

आजोबा पुन्हा डॉक्टरांकडे वळले. "एकच विचारतो. ट्रे भरेपर्यंत थांबायचं कारण काय?"

"सगळे एकदम तपासले की चुका होत नाहीत. पंधरवड्यापूर्वी नळ्यांवरच्या नावांचा घोळ झाला होता. चाळीसच्या चाळीस जणांचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं."

"तो घोळ कळला केव्हा?"

"यंत्रात ट्रे गेल्यावर. दुपारी."

"म्हणजे पहिली नळी चुकली आणि ते कळेपर्यंत बाकीच्या एकोणचाळीस चुकून झाल्या होत्या. पाच-पाच पाठवल्या असत्या तर?"

डॉ. ढाले खुर्चीतून उठल्या. त्यांनी आधी शमाकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "एक तास," त्या म्हणाल्या. "एक तास करून बघू. बिघडलं तर पुन्हा पहिल्यासारखं."

"तेच म्हणणार होतो," आजोबा म्हणाले. "लहान प्रयोग करायचा, मोजायचं, मग ठरवायचं." मनात मात्र ते म्हणत होते, बिघडलं तर या पोरीचं काय?

पिंट्या पहिल्या पाच नळ्या घेऊन निघाला. पडद्यावर "अपुरी फेरी: १" असे उमटले, तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून ते झाकायचा प्रयत्न केला.

यंत्राने पहिली नळी आत घेतली, लाल दिवा लागला आणि त्याच्या पडद्यावर अक्षरे उमटली: "या नावाचा रुग्ण आज आलेला नाही."

नळी शमाची होती, पण तिच्यावर चिठ्ठी होती काल तपासून गेलेल्या कोणा माणसाची. शमाचे नाव दुसऱ्या नळीवर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. सगळी नावे एकेक घर सरकली होती.

रक्त घेणाऱ्या सुनंदा सिस्टर रडवेल्या झाल्या. "मी नीट बघून लावल्या होत्या हो."

"कोण चुकलं ते राहू द्या," आजोबा म्हणाले. आता त्यांचा आवाज अडखळत नव्हता. त्यांनाच ते नवल वाटले. "चूक व्हायला जागा कुठे आहे ते बघू. ही चिठ्ठी येते कुठून?"

चिठ्ठ्या छापणारे छोटे यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात होते. शमा वाकून त्याच्या फटीत बघू लागली. "इथे कधी कधी कालची एखादी उरत असेल, आजोबा. सकाळी सुरू केलं की आधी तीच बाहेर पडते."

सिस्टरांनी दोन वेळा यंत्र बंद-चालू करून पाहिले. शमा म्हणत होती तसेच होत होते. आजोबांनी खिशातले पेन काढून फटीजवळ कागद चिकटवला: "सकाळची पहिली चिठ्ठी कालची असेल तर फाडून टाका." क्षणभर त्याकडे पाहून ते म्हणाले, "पण कागदावर विसंबून चालणार नाही. कागदाकडे बघायचं माणूस विसरतं. डॉक्टर, यंत्र बंद होतानाच उरलेली चिठ्ठी बाहेर टाकेल असं करता येईल?"

"उद्याच करून घेते," डॉ. ढाले म्हणाल्या. मग त्यांचा स्वर मऊ झाला. "शमा, नावं मनाने बदलून चालणार नाही. पुन्हा टोचावं लागेल गं."

शमाने बाही वर केली. "दुपारी कळलं असतं तर गेलंच होतं की माझं औषध."

ज्यांचे रक्त घेऊन झाले होते त्यांना पुन्हा बोलावले. काहीजण कुरकुरले. पण चाळिसांना टोचावे लागले नाही. पिंट्या पाच-पाच नळ्या घेऊन ये-जा करू लागला. तरीही शमाचा रिपोर्ट येईना. काचेतून आत बघत ती म्हणाली, "आता नळी नाही थांबलेली. आकडे थांबलेत. डॉक्टरांच्या पडद्यावर."

खरेच होते. डॉ. ढाले सवयीने चाळीस रिपोर्ट जमायची वाट बघत होत्या. शमाचे बोट काचेवर दिसताच त्या ओशाळून हसल्या आणि आलेला प्रत्येक रिपोर्ट तेव्हाच तपासून पुढे पाठवू लागल्या.

"याला प्रवाह म्हणतात (काम कुठेही न साचता पुढे पुढे सरकत राहणं)," आजोबा म्हणाले. "एका ठिकाणी वाट मोकळी केली की ते पुढच्या ठिकाणी साचतं. म्हणून शेवटपर्यंत कामाच्या मागोमाग चालायचं."

बारा वाजायच्या आत शमाचा रिपोर्ट आला. पेशी पुरेशा होत्या. औषध सुरू झाले आणि आजोबा बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांची साखर तपासायची राहूनच गेली. धुके कड्यावरून खाली सरकत होते. ते एकदा धुक्याकडे बघत, एकदा दाराकडे. तीन तास एवढे लांब असतात हे त्यांना माहीत नव्हते.

साडेतीनला रज्जुमार्गाची घंटा झाली. धुक्यामुळे आज हाच शेवटचा डबा. अब्बांचा हात धरून शमा डब्यात चढली. कोपरावर पट्टी होती. डबा धुक्यात शिरताना तिने काचेला नाक लावलेले आजोबांना दिसले, मग काही दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद घेतला. पेन अडले नाही.

"प्रिय शमा, तुझं पत्र पोचलं होतं. उत्तर मला माहीत नव्हतं आणि तेवढं लिहायचाही धीर झाला नाही. आता दोघांनाही माहीत आहे. पण कालचं सगळं मी बरोबर समजलो का, ते तू तपास. आणि एक सांग: तुमच्या शाळेत वह्या तपासून कधी परत मिळतात? सगळ्यांच्या जमल्यावर, की एकेक? बाईंशी बोलून लहान प्रयोग करून बघ. काय झालं ते कळव. या वेळी मी लगेच लिहीन."

पत्र घेऊन ते रुग्णालयाच्या दाराशी आले तेव्हा पिंट्या टपालाची थैली गळ्यात अडकवून रज्जुमार्गाकडे निघाला होता. थैली रिकामी, चपटी होती. कालपर्यंत ती फुगल्याशिवाय तो पायरी उतरत नसे.

आजोबा थबकले. "माझं एकच पत्र आहे रे. नाहीतर उद्या..."

"एकच पुरे, आजोबा," पिंट्या म्हणाला आणि त्याने थैली उघडली. "वर कोणीतरी वाट बघत असेल."

आजोबांनी पत्र आत टाकले.