सातवीनंतरची लाट

अमादेउला एकच लाट हवी होती. एकोणीस हिवाळे त्याने नाझारेच्या समुद्रात, फळीवर उभं राहून लाटांवरून घसरण्यात घालवले, बरगड्या मोडून घेतल्या, गुडघ्याचं वाटोळं केलं. पण दीपगृहाच्या कड्याएवढी लाट काही वाट्याला आली नाही. ती मिळाली की फळी अडगळीत टाकेन, असं त्याने बहिणीला वचन दिलं होतं. वादळाचा आज तिसरा दिवस. दोन दिवस हात हलवत परतलेला अमादेउ जेटस्कीमागे पाण्यात तरंगत होता आणि त्याला नुसती झोप येत होती.

"मेव्हणे, घोरू नका!" जेटस्कीवरून बेल्मिरो ओरडला. हा त्याच्या बहिणीचा नवरा, जातिवंत कोळी. अमादेउला दोरीने ओढून लाटेवर सोडायचं आणि तो पडला की उचलून आणायचं, हे याचं काम.

"गप रे! कंबर धरलीय माझी."

वॉकी-टॉकी खरखरला. कड्यावर उभी राहून त्याची बहीण झुल्मिरा लांबूनच लाटा हेरायची. "दादा, आल्या बघ! सहावी धर, सहावी!"

दोरी ताणली गेली. पाच लाटा खालून सरकल्या. सहावी उठली आणि अमादेउने दोरी सोडली!

पायांखाली पाण्याचा डोंगर, समोर नुसता उतार! फळी थडथडत होती. भीती वाटत होती, आणि तिच्यापायीच तो हसत होता, मोठमोठ्याने! सगळा शीण पळाला. ही मोठी होती, पण ती नव्हे, हेही त्याला कळलं. तेवढ्यात गुडघा लचकला. तो कोसळला.

काळोख. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. सातवी लाटही डोक्यावरून गेली, तेव्हा कुठे तो वर आला.

बोट लोटायच्या आधी सात लाटा मोजायच्या, सातवीनंतर समुद्र दम खातो, असं नाझारेतले म्हातारे कोळी सांगत आलेले. बेल्मिरोनेही बोटांवर सात मोजल्या आणि मागे वळून न बघता तो अमादेउला उचलायला थेट आत घुसला.

"अजून आहे रे! अजून एक आहे!" झुल्मिरा किंचाळत होती. पण बेल्मिरोचं मोजून झालं होतं.

अमादेउने जेटस्कीची कड पकडली. आठवी आली! दोघेही फेकले गेले. अमादेउच्या हाती बेल्मिरोचं जाकीट लागलं. ते त्याने सोडलं नाही. वर आले तेव्हा जेटस्की जवळच डुलत होती. धडपडत चढले, इंजिन खोकलं, सुरू झालं आणि ते कसेबसे लाटांपलीकडे निसटले.

बेल्मिरोच्या कानातून रक्त येत होतं. अमादेउच्या घोट्याला बांधलेली फळी शाबूत होती.

"दादा," झुल्मिराचा आवाज एकदम खाली गेला होता. "मागून एक येतेय. एवढी मी जन्मात पाहिली नाही."

बेल्मिरोने दोरी फेकली. "धरा! एकोणीस वर्षं झाली, मेव्हणे!"

क्षितिज उचललं जात होतं. अमादेउने दोरी धरली. मग त्याला बेल्मिरोचा हात दिसला. मूठ वळत नव्हती. मी पडलो, तर हा आत येणारच. मोजणारही नाही.

"नको. घरी चल."

"घाबरलात?"

"हो, घाबरलो! वळव गाडी!"

लाट फुटायच्या आत तिच्या पलीकडे जायला बेल्मिरो बडबडत वळला. जेटस्की पाण्याच्या चढणीवर चढत राहिली, संपेचना! माथ्यावर पोचल्यावर अमादेउने एकदाच खाली पाहिलं. केवढा तो उतार, आणि त्यावर कुणीही नाही! त्याचा जीव तीळतीळ तुटला. पुढच्याच क्षणी ते पलीकडे घसरले आणि मागे लाट फुटली. कड्यावरची गर्दी ओरडली. अमादेउ रडत होता. खाऱ्या पाण्यात ते कुणाला कळणार!

बंदरात झुल्मिरा धावत आली. आधी तिने नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग दोघांनाही मिठीत घेतलं.

"केवढी होती गं?" अमादेउने हळूच विचारलं. "कड्याएवढी होती?"

"मला काय माहीत, मेल्या?" झुल्मिरा म्हणाली. "तुम्ही दोघं वर चढताना दिसलात, तेव्हाच मी डोळे गच्च मिटून घेतले."