मॉरीनचा चांदवा

"काहीच चोरीला गेलेलं नाही," टॅमसिन म्हणाली. "म्हणून तर पोलिसांकडे गेले नाही."

खासगी तपास करणाऱ्या ऊना पॅस्कोने चहा तिच्यापुढे सरकवला. तिच्या मदतनिसाने, क्लाइव्हने, वही उघडली. तीस वर्षं मेंढ्या कातरलेला माणूस. दिसेल ते टिपायचं, अर्थ ऊनाने लावायचा.

शनिवारी टॅमसिनचं रूबेनशी लग्न. सजावट 'रात्रीच्या आकाशा'ची. तीही ऑस्ट्रेलियातल्या कूनाबाराब्रानमध्ये, जिथे अंगणात मान वर केली की ते फुकट दिसतं. लोकरीच्या शेडमध्ये टांगायला तिच्या आईने, मॉरीनने, मखमलीवर तारे भरून चांदवा केला होता. शेवटचा टाका घातला आणि मार्चमध्ये ती गेली.

"काल त्याला गाल लावला. काहीच वाटलं नाही." वाणसामानाची यादी वाचावी तसा तिचा आवाज. "सगळे म्हणतात, दुःखाने बधिर झालीस. तसं असेल तर लग्न मोडते. रूबेनच्या गळ्यात दगड कशाला?"

शेडवर देशाचा झेंडा फडफडत होता. आत क्लाइव्हने इमानाने टिपलं : मखमल निळी, मधोमध सदर्न क्रॉसचा तारकासमूह, तारे चार.

"मला ते फडकं नकोच होतं," सजावटवाला फेबियन म्हणाला. तो सिडनीचा. "नाहीसं झालं असतं तर नऊ हजार दिवे लावले असते!"

टॅमसिनच्या बापाच्या, डेसच्या, शर्टाला दोन बटणं नव्हती. "मॉरीन अंगणात उभी राहून एकेक तारा बघायची, मग टाका. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

रूबेनची आई नोलीन आठवड्यापूर्वी न्यूझीलंडहून आली होती. ऐंशी रुमालांना इस्त्री करून ती आपल्या देशाच्या झेंड्याचं चित्र असलेल्या मगातून चहा पीत होती. बोटांच्या टोकांना पट्ट्या.

"केक काढताना भाजलं. पोरीला जपा हो," ती मगात बघत म्हणाली.

संध्याकाळी ऊनाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"टॅमसिन बधिर नाही. हा चांदवाच मॉरीनचा नाही. फेबियनने तो पळवला असता, पण दुसरा टांगला नसता. डेसला शिवता येत नाही. क्लाइव्ह, या क्रॉसमध्ये तारे किती?"

"चार."

"बाहेर झेंड्यावरच्या क्रॉसमध्ये?"

क्लाइव्ह जाऊन मोजून आला. "पाच. एक बारका आहे."

"आकाशातही तो आहे. मॉरीन बघून भरायची, तिने गाळला नसता. चारच तारे काढायची सवय कुठल्या झेंड्याखाली लागते?"

सगळ्यांनी नोलीनच्या मगाकडे पाहिलं. त्यावरच्या न्यूझीलंडच्या झेंड्यात तारे चारच होते.

"आणि केकने एवढी नेमकी टोकंच भाजत नाहीत. ती सुईने टोचतात."

नोलीनने मग खाली ठेवला. "सुरकुत्या काढायला गेले, इस्त्री विसरले. चार दिवस दार लावून नवा शिवला. आईचं एवढंच उरलं होतं तिच्याजवळ. कुठल्या तोंडाने सांगणार?"

तिने बॅगेतून जुना चांदवा काढला. एका कडेला इस्त्रीच्या आकाराचं काळं भोक.

टॅमसिनने त्याला गाल लावला. बराच वेळ.

"आईच्या साबणाचा वास येतोय," ती म्हणाली, आणि मार्चनंतर पहिल्यांदा रडली. डेस दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"हाच टांगायचा," नाक पुसत ती म्हणाली.

"भोकासकट?" फेबियन कळवळला.

"आकाश आहे. कृष्णविवर चालतं."

मग तिने सुई नोलीनच्या हातात दिली. "तुमचाही टांगू. एक तारा राहिलाय. बसा."

क्लाइव्हने वहीतले चार खोडले. पाच लिहिण्याआधी मात्र तो टाका पूर्ण व्हायची वाट बघत थांबला.