तख्त्याचा चौथा पाय

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांना वाटू दे. पण बशीरच्या शेजारी राहणाऱ्या अयोध्याबाईंनी ती डोळ्यांनी पाहिली. त्या हैदराबादेत विज्ञान शिकून लोहाऱ्याच्या शाळेत शिकवायला आल्या होत्या, आणि न पाहिलेलं कधी सांगत नसत.

साल १९५९. गाव लोहारा. वैशाखाचे दिवस.

आणि यातलं बरंचसं भर उन्हात घडलं.

बशीर सुतारकाम करायचा. घरात तो आणि त्याची बायको जैनबबी, दोघंच. जैनबबीला साखरेचा आजार होता. सारखी तहान. घागर रिकामी झाली तरी जीभ कोरडीच. मोरीपाशी मुंग्यांची रांग हटत नव्हती. अंग इतकं वाळलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

हकीमसाहेबांनी एकच उपाय सांगितला. बिजासालच्या लाकडाचा पेला कर. संध्याकाळी त्यात पाणी भर आणि सकाळी तेच तिला पाज.

बिजासाल आणायचं कुठून? ते आदिलाबादच्या जंगलातून यायचं. राज्यांच्या हद्दी बदलल्या, आदिलाबाद आंध्रात गेलं आणि वखारीत साग नि बाभूळ तेवढी उरली.

त्याच सुमारास मशिदीतून निरोप आला. दफनाआधी मय्यतीला गुसल देतात, म्हणजे अंघोळ घालतात, तो लाकडी तख्ता खिळखिळा झाला होता. बशीरनं कडुनिंबाचा नवा करायचा आणि जुना कब्रस्तानात पुरायचा. गावाची तशी रीत होती. असा तख्ता जाळत नसत, विकत नसत, त्याचं दुसरं काही करत नसत.

पुरण्याआधी बशीरनं त्यावर सहज रंधा फिरवला. आतलं लाकूड सोनेरी तपकिरी निघालं. ओल्या बोटाला पिवळा डाग लागला...

बिजासाल.

फळ्या त्यानं पुरल्या. तीन पाय पुरले. चौथा गोणपाटात गुंडाळून घरी आणला.

'निजतात ते फळ्यांवर,' त्यानं मनाची समजूत घातली. 'पायावर कोण निजलंय?'

जैनबबीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवा पेला हातात घेऊन ती हसली.

"तुमच्या हातचं खाटलं धड उभं ऱ्हात न्हाय, आन् ह्यो पेला माझा जीव वाचवणार?"

"पी गं गुमान," बशीर म्हणाला.

सकाळी ती पेला घेऊन अंगणात बशीरपाशी आली. त्यावर ऊन पडलं, आणि तिच्या हातून तो निसटायचाच बाकी राहिला.

पाणी निळं झालं होतं. कडेला, उन्हाच्या बाजूला, निळा उजेड तरंगत होता.

अयोध्याबाई कुंपणापलीकडून आल्या. त्यांनी पेला सावलीत नेला. निळाई गेली. उन्हात धरला. परत आली.

"भिऊ नका भाभी. या लाकडाच्या पेशींत एक द्रव्य असतं, ते पाण्यात उतरतं. उन्हातला जो उजेड आपल्याला दिसत नाही तो ते शोषतं आणि निळा करून परत देतं. ऊन नसेल तर काही नाही."

"म्हंजे मी ऊन पिते म्हणा की, बाई!"

तिघंही हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

आणि खरंच, जैनबबीची तहान कमी झाली. मोरीपाशी मुंग्या दिसेनाशा झाल्या. बशीरनं मशिदीत जाऊन शुक्राना अदा केला, अल्लाचे आभार मानले.

मग एका सकाळी ती म्हणाली, "अजी, पाण्याला कापराचा वास येतोय."

"लाकडाचा असंल."

पण बशीरला तो वास माहीत होता. गुसलच्या पाण्यात बोरीचा पाला टाकतात आणि शेवटी कापूर...

त्या दुपारी तो अंगणात फळी तासत होता. घरातून आवाज आला. कुणीतरी तांब्यानं पाणी ओतत होतं. तीनदा. मग शांत. पुन्हा तीनदा.

तो आत धावला.

जैनबबी खाटेवर गाढ झोपली होती. उताणी, सरळ, हात अंगाशी लावलेले. जमीन कोरडी. तांब्या पालथा.

तिचे केस मात्र ओले होते...

"जैनब! न्हालीस का तू?"

तिनं डोळे उघडले. चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं. "म्या कुठं? त्या बाया येतात की दुपारच्याला. लई मायेनं न्हाऊ घालतात."

"कोण बाया?"

"तोंडं दिसत न्हाईत." तिनं ओले केस मागं सारले. "म्या पाणी पिते, आन् तहान त्यांची भागते."

दुसऱ्या दिवशी अयोध्याबाई चहाला आल्या. साखर काढताना जैनबबीच्या तळहातावरची थोडी खाली सांडली. भिंतीकडून मुंग्या आल्या. साखरेच्या कडेपर्यंत आल्या...

आणि वळून निघून गेल्या.

एकसुद्धा शिवली नाही. अयोध्याबाईंनी डब्यातली चिमूटभर साखर स्वतःच्या हातानं शेजारी टाकली. तिला मुंग्या लगेच लागल्या. अयोध्याबाईंनी चहा तसाच ठेवला.

बशीरला तेव्हा ते कळलं. मय्यत निजते फळ्यांवर, खरं. पण पाणी? प्रत्येक मय्यतीच्या अंगावरचं पाणी त्या पायांवरूनच खाली उतरलं होतं. वर्षानुवर्षं. लाकडात मुरत.

त्यानं पेला उचलला, कब्रस्तानात गेला आणि बाकीच्या तख्त्याशेजारी पुरून आला.

परतला तर जैनबबी रांजणाशी बसली होती. ओंजळीनं पाणी पीत होती. थांबतच नव्हती.

"पेला कुठंय?"

"जैनब..."

"द्या ना मला. घशात आग पडलीया हो. पाया पडते तुमच्या."

संध्याकाळपर्यंत रांजण संपला. अयोध्याबाईंनी आपल्या घरातली घागर आणली. तीही संपली. बशीर कुदळ घेऊन पुन्हा कब्रस्तानाकडं पळाला. रीत गेली खड्ड्यात, तिला पेला द्यायचा.

त्यानं तीच जागा खणली. फळ्या लागल्या. तीन पाय लागले.

पेला नव्हता. त्या जागी माती ओली होती, आणि त्या वैशाखात दुसरीकडं कुठंही ओल नव्हती.

जैनबबी पहाटे गेली. ओठ शेवटपर्यंत हलत होते.

दुपारी अंगणात चादरींचा आडोसा केला. मशिदीतून नवा तख्ता आला, बशीरनंच केलेला, कडुनिंबाचा. त्यावर निजणारी जैनबबी पहिलीच. गावातल्या बायकांना गुसल देणारी बिबीजान आत गेली. तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. तीनदा. मग शांत. पुन्हा तीनदा.

बशीरनं कान झाकले.

चादरीखालून पाणी वाहत बाहेर आलं, नालीत उतरलं आणि उन्हात आलं...

निळं.

अयोध्याबाई नालीपाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी पाण्याकडं पाहिलं, मग तख्त्याच्या दिसणाऱ्या पायाकडं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कडुनिंबातून असं होत नाही."

आतून बिबीजानची हाक आली. "अरे बशीर, कापूर आधीच कुणी टाकलाय का रे पाण्यात?"

कुणीच टाकला नव्हता.

त्यानंतर बशीरला उन्हात वजू करताना कुणी पाहिलं नाही. नमाजाआधी हातपाय धुवायला तो मशिदीच्या हौदाची सावलीची बाजू धरायचा. सुतारकाम सोडलं. हळूहळू त्यालाही तहान लागू लागली. हकीमाकडं जा म्हटलं तर नुसती मान हलवायचा. शेवटच्या दिवसांत त्यानं अयोध्याबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही म्हणला होता, ऊन नसलं तर काय न्हाय. व्हय ना?"

"हो, बशीरभाई."

"मग माझं गुसल दिवस मावळल्यावर करायला सांगा. एवढं करा."

त्यांनी तसं सांगितलं. लोकांनी ऐकलंही. सूर्य बुडाल्यावर, कंदिलाच्या उजेडात, त्याला कडुनिंबाच्या तख्त्यावर घेतलं. अयोध्याबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या. कंदिलात तो न दिसणारा उजेड जवळजवळ नसतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चादरीखालून पाणी आलं. काळं, साधं पाणी. त्यांनी श्वास सोडला.

तेवढ्यात वाऱ्यानं कंदील विझला.

आणि अंधारात नाली निळी दिसू लागली... या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अयोध्याबाईंनी पुढं आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लाकडाचा धडा आला की मात्र त्या वर्गाच्या खिडक्या लावून घेत आणि अंधारात टेबलावरच्या तांब्यात डोकावून बघत. आणि तो धडा संपेपर्यंत त्या तांब्यातलं पाणी कधी पीत नसत.